गाडी बापाच्या नावावर अन् पोरगं संभाजीनगरला, विम्याचं नेमकं काय करायचं?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. तुम्ही गंगाखेडकडचे, गाडी शंभर सीसीची, जून २०२१ ला शोरूममधून घेतलेली, एमएच-२२ पासिंग, तुमच्या नावावर. पोरगं एकोणीस वर्षांचं, संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेल सोडून रूम केलीय म्हणून गाडी मागतंय. तुम्ही विचारलंय की विमा तर घेतानाच पाच वर्षांचा काढलाय मग अजून काही करावं लागतं का, संभाजीनगरचा वेगळा विमा काढायचा का, आणि विमा माझ्या नावावर असला तर पोराला चालतो का.

मी मोटार विम्याचं काम करते त्याला एकोणीस वर्षं झाली, पहिली सात परभणीत आणि नंतर इकडं संभाजीनगरला. पॉलिसी विकायला काय, कोणी पण विकतंय, पण क्लेमची फाईल घेऊन हिंडायला लागलं की मग कळतं कोणत्या कागदावर काय लिहिलेलं होतं ते. म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

वेगळा विमा लागत नाही, ते डोक्यातून काढून टाका. पॉलिसी अख्ख्या भारतात चालते. परभणी पासिंगची गाडी महाराष्ट्रात कुठंही ठेवली तरी नंबर बदलायचा नसतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या दरात पुणे-मुंबईसारखी आठ मोठी शहरं एका झोनमध्ये आणि बाकीचा देश दुसऱ्या झोनमध्ये असा जुना हिशोब आहे, पण तो सुद्धा पासिंग कुठलं यावर धरतात, पोरगं कुठं राहतं यावर नाही. हां, उदगीर, देगलूरकडची पोरं बिदरला नाहीतर हैदराबादला शिकायला जातात त्यांचं वेगळं, दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो असा कायदा आहे. तुमचा तो विषय नाही.

आता तो पाच वर्षांचा विमा. दादा, राग मानू नका पण मराठवाड्यातल्या दहातल्या आठ घरांत हाच घोळ सापडतो मला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, एकदमच घ्यावा लागतो, कारला तीन वर्षांचा. शोरूमवाला सांगतो पाच वर्षं बघायचं काम नाही आणि आपण कागद घडी करून डिकीत टाकतो. पण त्या पाच वर्षांत फक्त थर्ड पार्टी असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, ज्याला ओडी म्हणतात, तो एकच वर्षाचा असतो. म्हणजे तुमची गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली तर जून २०२२ नंतर तुम्हाला एक रुपया मिळणार नव्हता आणि तुम्ही इतकी वर्षं निवांत झोपत होता. थर्ड पार्टी जून २०२६ पर्यंतचा. पॉलिसी काढा आणि पहिल्या पानावर तारखा बघा, थर्ड पार्टीची वेगळी, ओडीची वेगळी आणि पीएची, म्हणजे मालकाच्या अपघात विम्याची, वेगळी छापलेली असती. या तीन तारखा न बघता "विमा आहे" म्हणणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेतल्यासारखं आहे.

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं जे झालं ते. माणूस गेला, जखमी झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनी भरते, त्याला वरची मर्यादा नाही. कोणाची टपरी मोडली, कारचा दरवाजा चेपला तर दुचाकीला १ लाखापर्यंत. एवढा एकच भाग कायद्यानं सक्तीचा आहे, नसला तर पहिल्या वेळी २,००० आणि नंतर ४,००० रुपये दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद सुद्धा. पण दंडाचं सोडा हो. विमा नसताना कोणाला धडकलं आणि न्यायाधिकरणानं रक्कम लावली तर ती तुमच्याकडून वसूल होते, आणि कशी, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, कलेक्टरमार्फत. म्हणजे गाडी चालवली पोरानं संभाजीनगरच्या बीड बायपासवर आणि नोटीस आली गंगाखेडच्या शेतावर. मालक म्हणून आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर ती जबाबदारी येते.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा इथं आहे, आणि त्यातला एक भाग तुम्ही विचारलाच नाही. "विमा माझ्या नावावर असला तर पोराला चालतो का." दुसऱ्याच्या नुकसानीसाठी चालतो, पोराकडं बरोबर लायसन असलं की झालं. गाडीच्या नुकसानीसाठी पण चालतो, गाडी चालवणारा मालकच पाहिजे असं काही नाही. पण पोराला स्वतःला काही झालं तर? तिथं चालत नाही.

नीट समजून घ्या. पॉलिसीत पीए ओनर-ड्रायव्हर नावाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. मृत्यू झाला किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर चूक कोणाची हे न बघता मिळतो. पण त्याला तीन अटी आहेत, तो माणूस आरसीवरचा मालक पाहिजे, पॉलिसी त्याच्याच नावावर पाहिजे, आणि त्याच्याकडं चालू लायसन पाहिजे. तुमच्या पोराला तिसरी अट जमते, पहिल्या दोन नाही. म्हणजे तो १५ लाखांचा विमा तुमचा आहे, जे गंगाखेडला घरी बसलेत त्यांचा, गाडीवर जे लेकरू बसलंय त्याचा नाही. समोरच्या ट्रकची चूक असली तर ट्रकच्या विम्याकडून मागता येतं, तो हक्क पोराला आहे. पण रात्री गाडी घसरली, कुत्रं आडवं आलं, डिव्हायडरला धडकली, अशी स्वतःची स्वतः पडली तर कोणाकडं मागणार? आपल्याच गाडीच्या थर्ड पार्टीकडून मिळत नाही, कारण उसनी गाडी घेऊन चालवणारा माणूस मालकाच्याच जागी धरला जातो, तो तिसरा माणूस होत नाही, सुप्रीम कोर्टानं २००९ मध्येच हे सांगितलंय. कोर्टात भांडून एखाद्याला थोडंफार मिळालं असेल, पण कंपनी पहिल्यांदा नाहीच म्हणते आणि मग तारखा सुरू होतात.

माझीच एक चूक सांगते. परभणीला असताना पहिल्या दोन-तीन वर्षांत एका म्हाताऱ्या शेतकरी बाबांच्या गाडीची पॉलिसी दर वर्षी मीच रिन्यू करायचे, पीएचे पैसे लावून. गाडी नातू चालवायचा, बाबांनी जन्मात लायसन काढलेलं नव्हतं. म्हणजे मी ज्या कव्हरचे पैसे घेत होते ते ना बाबांना लागू होतं ना नातवाला. कोणाला काही झालं नाही म्हणून निभावलं, पण एक दिवस साहेबांनी फाईल बघून विचारलं की बाई, मालकाचं लायसन कुठंय, तेव्हा तोंड लहान झालं माझं. तेव्हापासून मी पॉलिसीच्या आधी विचारते, गाडी चालवतं कोण?

मग करायचं काय. दोन रस्ते आहेत. एक, गाडी पोराच्या नावावर करा. फॉर्म २९ आणि ३०, परिवहनच्या वेबसाईटवरून होतं, सरकारी फी फार नाही, दलालच त्याच्यापेक्षा जास्त घेतो. गाडीवर कर्ज असलं तर आधी बोजा उतरवून घ्या. आरसी पोराच्या नावावर झाली की १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी पण त्याच्या नावावर करायची, आणि पीए नवीन घ्यायचा. मग तो १५ लाखांचा विमा खऱ्या चालवणाऱ्याचा होतो. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट, असला तरी तो माणसाचा असतो, गाडीबरोबर पोराकडं जात नाही, पण तुमचा तसाही गेलेला आहे कारण ओडी संपून ९० दिवस झाले की बोनस जातो.

दुसरा रस्ता, नाव राहू द्या आणि पोराच्या नावानं वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या, कुठल्या पण साधारण विमा कंपनीचा. गाडी कोणाची पण असो, रिक्षात असो, पायी असो, तो चालतो. शिकणारं पोरगं मित्राच्या गाडीवर पण बसतं ना. मला स्वतःला हा रस्ता जास्त आवडतो, आणि ज्यांना जमतंय त्यांनी दोन्ही करावं. एवढे पैसे नसतील तर निदान बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा बीमा चालू करा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. पोराचं स्वतःचं बचत खातं पाहिजे आणि दर वर्षी मे-जूनला खात्यात ते वीस रुपये शिल्लक पाहिजेत, कारण पोरं खातं शून्यावर ठेवतात आणि वीस रुपयासाठी विमा बंद पडलेला मी पाहिलाय. शिवाय तुम्ही शेतकरी, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना माहीत असू द्या, सातबारावरचा शेतकरी आणि घरातला अजून एक जण, वय १० ते ७५, अपघाती मृत्यूला २ लाख. अर्ज तालुका कृषी कार्यालयात. तिथं सुद्धा गाडी चालवताना लायसन नसलं तर मिळत नाही.

आणि दवाखान्याचं बिल? पीए मधून ते मिळत नाही, हे पण खूप जणांना माहीत नसतं. त्याला मेडिक्लेम वेगळा. मे २०२५ पासून केंद्राची एक योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. ११२ ला फोन लावायचा. पोराला आजच सांगून ठेवा.

आता मागच्या सीटचं. कॉलेजची पोरं एकटी कधी फिरतात का? रूममेट मागं बसलेला असतोच. बहुतेकांना वाटतं थर्ड पार्टी आहे म्हणजे मागचा पण आला त्यात. नुसती लायबिलिटी, म्हणजे फक्त थर्ड पार्टीची, पॉलिसी असली तर दुचाकीवर फुकट मागं बसलेला त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये म्हटलेलं आहे. पॅकेज पॉलिसी, ज्याला आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह नाहीतर फुल इन्शुरन्स म्हणतो, तिच्यात मागचा येतो. माझ्याकडं एक प्रकरण आलेलं, एकाच गावची दोन पोरं, टीव्ही सेंटरला एका रूमवर राहायची, गाडी खड्ड्यात जाऊन पडली, चालवणाऱ्याला खरचटलं आणि मागच्याची मांडी मोडली, रॉड टाकावा लागला. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी. मागच्या पोराच्या घरच्यांना वाटलं विम्यातून सगळं मिळेल, मिळालं काहीच नाही, मग त्यांनी गाडीवाल्याच्या बापाकडं मागितलं. पैशाचं पुढं कसंबसं मिटलं पण दोन्ही घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी एजंट सांगत नाहीत. तुमचा थर्ड पार्टी चालू आहे म्हणून तुम्हाला आता फक्त वेगळी ओडी पॉलिसी मिळेल. ती गाडीच्या नुकसानीची असते, तिच्यात जबाबदारीचा भाग नसतो. म्हणून वेगळी ओडी घेतली म्हणजे मागचा कव्हर झाला असं धरून चालू नका, कंपनीला लेखी विचारा, आणि मागच्यासाठी छोटा पीए जोडून मिळतो तो घ्या. जून २०२६ ला थर्ड पार्टी संपला की मात्र पॅकेजच घ्या, नुसता थर्ड पार्टी नको. आणि ट्रिपल सीट बसले तर कुठली पॉलिसी काढा, वाद होणारच.

लायसन. पोराकडं पक्कं लायसन आहे म्हणता, ठीक आहे, पण त्याच्यावर काय लिहिलंय ते बघितलंय का? बऱ्याच पोरांनी बहिणीच्या स्कूटीवर टेस्ट दिलेली असते, लायसन विदाऊट गिअरचं असतं, आणि चालवतात गिअरची गाडी. त्या प्रकारच्या गाडीचं लायसनच नाही असं धरलं जातं. अशा वेळी तिसऱ्या माणसाला कंपनी पैसे देते पण नंतर मालकाकडून वसूल करते, आणि ओडीचा क्लेम तर सरळ नाकारते. लर्निंगवर असलं तर मागं पक्कं लायसनवालाच पाहिजे, एल लिहिलेलं पाहिजे, मैत्रीण मागं बसवून फिरायचं लायसन नाही ते.

इथं लातूर-नांदेडच्या पालकांना पण सांगते कारण तिकडून मला याच विषयाचे सगळ्यात जास्त फोन येतात. अकरावी-बारावीला, नीटच्या क्लासला पोरगं ट्यूशन एरियात रूम करून राहतं, वय सोळा-सतरा, आणि बाप गाडी देतो की क्लास लांब पडतोय म्हणून. सोळाव्या वर्षी जे लायसन मिळतं ते विदाऊट गिअर ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमची स्कूटी ११० ची नाहीतर १२५ ची आहे. म्हणजे लायसन असून नसल्यासारखं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराला गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन नाही. डॉक्टर होईल पण गाडी चालवता येणार नाही. त्यापेक्षा सायकल द्या, नाहीतर ती २५ च्या स्पीडची, २५० वॅटची कमी ताकदीची इलेक्ट्रिक मिळते, तिला लायसन पण लागत नाही, पासिंग पण नाही आणि विम्याची सक्ती पण नाही. पण दुकानदार सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, बिलावर वॅट आणि स्पीड लिहून घ्या, कारण स्पीड वाढवून दिलेल्या गाड्या फिरतात आणि तशी गाडी कायद्यानं मोटारसायकलच होते.

मित्राला गाडी देणं, हे तर थांबणारच नाही, कितीपण सांगा. पण पोराला एवढं सांगा की देताना लायसन बघ. मित्राकडं लायसन नसलं आणि तो कोणाला धडकला तर त्या मित्राच्या बापाला कोणी विचारणार नाही, तुम्हाला विचारतील.

ओडी घ्यावा का नाही यावर माझं मत सांगते. तुमची गाडी समजा शोरूमला ७०,००० ची होती. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे आयडीव्ही, विम्यात धरलेली गाडीची किंमत, ३५,००० च्या आसपास. जुन्या टॅरिफनं त्याचा प्रीमियम सहाशेच्या आत-बाहेर येतो, जीएसटी वेगळा, कंपन्या त्यात पण सूट देतात. गावात गाडी वाड्यात राहत होती, तिथं तुम्ही ओडी घेतला नाही ते समजू शकते. पण इथं पोराची रूम बघा, औरंगपुऱ्यात नाहीतर सिडकोत, खाली गेट नाही, सात-आठ गाड्या रस्त्यावर. मी चोरीसाठी म्हणून घेईन. खरचटलं, इंडिकेटर फुटलं याच्यासाठी क्लेम करूच नका, प्लास्टिक-रबरच्या पार्टला ५० टक्के कापतात, वर शंभर रुपये आपले, आणि पुढचा बोनस जातो, हातात काय राहतं? बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाचव्या वर्षी ५० पर्यंत जातो, तो जपा. पाण्याचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ ला धाराशिव, बीडकडं जो पूर आला त्यानंतर लोक कागद घेऊन आले, बहुतेकांचा नुसता थर्ड पार्टी, मी काय करणार. आणि ओडी असला तरी पाण्यातून काढलेली गाडी किक मारून चालू करायची नाही, इंजिनात पाणी ओढलं की ते नुकसान नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

चोरीचं थोडं सविस्तर सांगते कारण पोरं इथंच माती खातात. एका पोराची गाडी रूमखालून गेली. बापाला सांगायची भीती, म्हणून चार दिवस मित्रांना घेऊन स्वतःच शोधत बसला, पोलिसात पाचव्या दिवशी गेला. एका चावीचा पत्ता नव्हता. कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि चावी गाडीलाच होती का हा पहिला प्रश्न असतो. पोलिसात लगेच गेलेला असाल आणि कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला तर तेवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय, पण पोलिसातच उशीर झाला तर मग बोलायला तोंड राहत नाही. त्या पोराला शेवटी काहीच मिळालं नाही. एफआयआर झाला की लगेच काही पैसे येत नसतात, गाडी सापडत नाही म्हणून पोलीस कोर्टात अहवाल देतात, आपल्याकडं त्याला अ समरी म्हणतात, ती मिळाली की फाईल पुढं सरकते. काही महिने जातात.

अजून एक, पोरगं संध्याकाळी जेवणाचे पार्सल पोहोचवायचं काम करणार असेल तर मला आधी सांगा. वाईट काही नाही, कष्टच करतंय. पण पॉलिसी खासगी वापराची आहे, पैसे घेऊन माल पोहोचवताना अपघात झाला तर ओडीचा क्लेम अडकतो. काम देणारी कंपनी अपघात विमा देते का, तो कधीपासून कधीपर्यंत लागू, हे लेखी घ्यायला लावा.

कोणाची सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर नुसत्या सही केलेल्या फॉर्मवर गाडी फिरवू नका. थर्ड पार्टी नव्या मालकाकडं आपोआप जातो, ओडी जात नाही, तो अर्ज करून नावावर घ्यावा लागतो. शेवटच्या वर्षाची पोरं जाताना ज्युनिअरला गाडी विकून जातात, आरसी तीन मालक मागं असते, अपघात झाला की पहिला मालक पुण्यात नोकरीला, त्याला घरी समन्स. त्याच्यासाठी पण वाईट, तुमच्यासाठी पण.

पैशाचा हिशोब एकदा बघून घ्या. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा सारखाच, जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ८४३. त्याच्यापेक्षा खूप कमी कोणी सांगत असेल तर तो कागद खोटा आहे असं समजा. आरटीओसमोर, पेट्रोल पंपाजवळ पाच मिनिटांत प्रिंट काढून देणारे असतात, सगळेच खोटे नसतात, पण नंबर टाकून एम परिवहन ॲपमध्ये विमा दिसतोय का ते तिथंच उभं राहून बघा. एखाददुसरा दिवस अपडेट व्हायला लागतो. डिजिलॉकरमधली पॉलिसी आणि आरसी पोलिसांना चालते, पोरानं मूळ कागद डिकीत ठेवायची गरज नाही, आणि ठेवू पण नये, गाडीबरोबर ते पण जातात.

अपघात झालाच तर चौकात "मिटवून घेऊ" म्हणून पाचशे-हजार देऊन निघायचं नाही. जखमीला आधी दवाखाना, मग जागेचे, नंबर प्लेटचे फोटो, पोलिसांत नोंद, आणि त्याच दिवशी कंपनीला फोन. सहा महिन्यांनी नोटीस येते तेव्हा मिटवल्याचा पुरावा काय दाखवणार? गाडी दुरुस्तीला टाकली तरी नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत नटला हात लावू द्यायचा नाही, आपला गावचा मेकॅनिक लई उत्साही असतो, संध्याकाळपर्यंत गाडी सरळ करून मोकळा होतो आणि मग सर्व्हेअर काय बघणार? क्लेम चुकीचा नाकारला वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं, फुकट आहे, वकील लागत नाही.

तर तुम्ही आता एवढं करा. आरसी, पॉलिसीचं पहिलं पान आणि पोराचं लायसन, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. आरसीवर आणि पॉलिसीवर तुमचं नाव, लायसनवर पोराचं, ही जी गडबड आहे ती या महिन्यात मिटवा, नाव बदलून नाहीतर पोराचा वेगळा अपघात विमा काढून. वेगळी ओडी घेताना गाडीची पाहणी होते, मोबाईलवरच व्हिडिओ काढायला सांगतात, तो उजेडात काढा आणि चेसिस नंबर नीट दिसू द्या. परभणीहून रेल्वेनं पार्सल करणार असाल तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि आरसीची, ओळखपत्राची झेरॉक्स लागते. आणि दोन्ही चाव्या पोराकडं देऊ नका, एक तुमच्या कपाटातच राहू द्या.